नाचणीची पोटली आणि विहिणीची मिठी

आमच्याकडची थंडी फसवी. महाडात ती येते, उभ्या उभ्या चहा घेते आणि निघून जाते. मुक्कामाला असते ती पोलादपूरच्या वर, घाटाच्या पायथ्याला. माझी धाकटी बहीण तिथल्याच एका वाडीत दिली आहे. तिच्या अंगणात माघातल्या संध्याकाळी उभं राहिलं की घाटावरचा वारा असा उतरतो, की माणूस बोलायला तोंड उघडतो आणि त्याच्याआधी दातच बोलून मोकळे होतात. एका वर्षी तिच्या कोंबड्यानं आठवडाभर आरवणं बंद ठेवलं होतं. वाडी उठायची ती उन्हं आल्यावर. खोटं वाटत असेल तर धाकटीला विचारा. ती मला खोटं पाडायला कायम तयार असते, पण कोंबड्याबद्दल तीही गप्प बसते.

अशा जागी, अशा महिन्यात, गोरज मुहूर्तावर, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात मांडव घालून माझ्या भाचीचं लग्न ठरलं.

आता तुम्ही म्हणाल, थंडी आहे तर स्वेटर घाला. म्हणजे तुम्ही आमच्याकडच्या लग्नाला आलेला नाहीत. पैठणीवर स्वेटर चढवून मांडवात आलेली बाई आमच्याकडे एकतर आजारी समजतात, नाहीतर रुसलेली. दोन्ही बाबतीत शेवटची पंगत उठेपर्यंत तिची चौकशी थांबत नाही. शाल चालते, पण ती हातावर. अंगावर घेतली की पुन्हा तीच चौकशी. पुरुष कोट घालून उबेत बसतात आणि बायका गळे-पाठी कोरलेल्या ब्लाउजात, हसऱ्या चेहऱ्यानं कुडकुडत उभ्या. ऊब घ्यायचीच तर ती आतून, कोणाच्या नजरेला न पडता घ्यायची.

म्हणून लग्नाआधी आम्ही तिघी, मी, धाकटी आणि भाची, महाडच्या बाजारात आतले कपडे घ्यायला गेलो. मी राहते महाडात. बालवाडीत पोरांना गोष्टी सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे बाजारातले निम्मे दुकानदार माझ्या हाताखालून गेलेले. ज्याच्या दुकानात शिरलो, तोही त्यातलाच. ज्याचं नाक मी पदरानं पुसलं, त्याच्यासमोर उभं राहून बायकांचं थर्मल मागायचं, हे त्यालाही अवघड आणि मलाही.

“बाई, स्किन कलर देऊ?” त्यानं गल्ल्याकडं बघत विचारलं.

“कोणाच्या स्किनचा?” मी म्हटलं.

त्यानं काढून दाखवला तो रंग म्हणजे दुधात चुकून चहा पडलेला. आम्ही तिघी चहात चुकून दूध पडलेल्या.

भाची मुंबईत नोकरी करते. तिथल्या उत्तरेकडच्या मैत्रिणींची थंडीतली लग्नं करून आलेली, त्यामुळे तिला यातलं सगळं माहीत. “मावशी, अंगाचा रंग नाही बघायचा,” ती म्हणाली. “ब्लाउजचा बघायचा. चुकून कड दिसली तरी लोकांना अस्तर वाटतं.” मग धाकटीच्या जांभळ्या पैठणीसाठी जांभळं थर्मल निघालं. त्याचा गळा ब्लाउजच्या गळ्याहून दोन बोटं खोल कापायचा, बाह्या कोपराच्या वर दुमडून आतून टाके घालायचे, आणि परकराच्या आत काळी लेगिंग, तीसुद्धा घोट्याच्या वरपर्यंतच, चालताना दिसू नये म्हणून. भाचीच्या शालूच्या ब्लाउजला पाठ म्हणून काही नव्हतीच, नुसती दोन लटकनं होती. तिच्या थर्मलची पाठ कापून टाकायची आणि पुढचा भाग ब्लाउजला अस्तरासारखा शिवायचा असं ठरलं.

“म्हणजे पुढून माघ बंद आणि मागून चालू,” मी म्हटलं. दुकानदार पहिल्यांदाच हसला आणि त्या भरात धाकटीकडं वळला.

“काकू, तुमचा साईज?”

धाकटीनं हाताची घडी घातली आणि पदर ओढून घेतला. भाचीनं हळूच काहीतरी आकडा सांगितला. दुकानात नुसता पंखा फिरत राहिला. तोही थंडीत कशाला लावला होता, देव जाणे.

दीड वर्षापूर्वी, भातलावणीच्या आधी, धाकटीचं ऑपरेशन झालं होतं. कॅन्सर होता. डावी बाजू काढली. औषधं झाली, केस गेले, केस आले. डॉक्टर म्हणाले, आता नुसतं अधूनमधून दाखवायला या. घरात मात्र त्या शब्दाला कोणी शिवत नसे. ‘गाठ’ म्हणायचे, जणू नाडीलाच पडली होती. धाकटीचा नवरा ज्यांच्या शब्दाबाहेर नाही, त्या तिच्या थोरल्या दिरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, “अक्षता पडेपर्यंत मुलाकडच्यांच्या कानावर जाता कामा नये. आईला झालं म्हणजे पोरीला होणार असं म्हणतील नि लग्न मोडतील.” माणूस वाईट नव्हे. असं एक मोडलेलं लग्न त्यांनी जवळून बघितलं होतं. धाकटीला ते लपवणं पटत नव्हतं, पण पोरीच्या संसारावर पैज लावायची हिंमत कोणत्या आईला असते? तिनं होकारार्थी मान हलवली.

आणि लपवायचं कोणापासून, तर वरंधच्या बाईपासून.

मुलाची आई वरंधची. भोरच्या घाटाला लागायच्या आधीचं गाव ते. बाई उंच, आडव्या हाडाची, आणि तिची मिठी सगळ्या पंचक्रोशीत माहीत. तिनं एकदा एका रुसलेल्या जावेला मिठी मारली तर जावेची पाठदुखी कायमची गेली, असं मी ऐकलंय. कोणाकडून ऐकलं ते विचारू नका, कदाचित माझ्याचकडून ऐकलं असेल. पण ती मिठी मारते तेव्हा मधे हवा राहत नाही, एवढं खरं. आणि आमच्याकडे व्याहीभेटीला विहिणी कुंकू लावून गळाभेट घेतात, एकदा या खांद्यावर, एकदा त्या. ती चुकवता येत नाही. चुकवली तर मुलीकडच्यांना मस्ती आली म्हणतात.

साखरपुड्याला धाकटीनं ती चुकवली होती. हातात औक्षणाचं ताट धरून ती पूर्ण वेळ उभी राहिली. निरांजन पेटलेलं, त्यामुळे जवळ कोण येणार? विहीण हात पसरून दोनदा पुढं आली आणि दोनदा ज्योतीला बघून मागं गेली. पण व्याहीभेटीला ताट दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असतं.

भाचीनं मुंबईहून सिलिकॉनचा भरीव तुकडा आणि तो बसेल असा आत खिसा असलेली ब्रा आणली होती. वस्तू छान. आकार, वजन, सगळं बरोबर. धाकटीनं एका सकाळी घालून बघितला आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी तिच्या ब्लाउजात बेडूक सोडला.

“ताई, लय गार हाय गो हे. दुधाची थंड पिशवी छातीशी धरल्यासारखं वाटतंय.”

तिथली जखम अजून हळवी. थंडी लागली की ठणकायची. मग आमचे प्रयोग सुरू झाले. धाकटी वाडीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते, हातात कला आहे. तिनं मऊ सुती कापडाच्या पोटल्या शिवल्या आणि मी त्यात काय भरायचं ते सुचवत गेले. कापूस हलका पडला, हात वर केला की तो खांद्याकडं चालायला लागायचा. तांदळाला कोपरे आले. मी साबुदाणा सुचवला, तर धाकटी म्हणाली, “उपासाला सोडायचा हाय काय?” शेवटी तिनंच डब्यातनं नाचणी काढली.

नाचणी बसली. बारीक, गोल, जड दाणा. पोटली हलवावी तशी हलते, वाकलं की वाकते, उभं राहिलं की आपल्या जागी येते. आमच्या डोंगरात नाचणी पिकते ती भाकरीसाठी असं मला आजवर वाटायचं. आणि ती गरम होते. आमच्याकडे कोणाचं अंग दुखलं की मीठ नाहीतर धान्य तव्यावर गरम करून फडक्यात बांधतात आणि शेक देतात. धाकटीनं सहज पोटली तव्यावर फिरवली, छातीशी लावली आणि डोळे मिटले.

“ठणका थांबला गो,” ती म्हणाली. एवढ्या दिवसांत तिच्या तोंडून त्या जागेबद्दल बरा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आम्हां दोघींच्या डोक्यात त्या क्षणी एवढंच होतं, की लाज झाकली जातेय आणि ऊबही मिळतेय. लग्नाच्या संध्याकाळी पोटली तव्यावर गरम करायची, पटकन खिशात बसवायची, वर जांभळं थर्मल, वर ब्लाउज, वर पैठणी. कोणाला कळणार आहे? आपण मोठ्या हुशार असं वाटून मी दोन घास जास्तच खाल्ले.

लग्नाच्या संध्याकाळी वाडीच्या वेशीवरच्या देवळापाशी व्याहीभेट होती. वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. वारा असा सुटला होता की बँडवाले वाजवत होते ते हात गरम ठेवायला. थोरले दीर व्याह्यांना भेटले, नारळ दिले-घेतले, फेट्यांचे तुरे एकमेकांत अडकले. मग बायका पुढं झाल्या. ताट माझ्या हातात. धाकटीनं विहिणीला कुंकू लावलं, विहिणीनं तिला लावलं, आणि वरंधच्या बाईनं हात पसरले.

मी ताट बाजूला घेतलं. मिठी झाली. मधे हवा राहिली नाही.

आणि ती सुटेना.

विहिणीच्या अंगावर भरजरी शालू होता, आत काहीच नव्हतं बहुधा, कारण तिचे ओठ माझ्या साडीच्या निळ्या काठासारखे झाले होते. ती धाकटीला धरून तशीच उभी. मग मान जराशी मागं घेऊन म्हणाली, “अगो इहीणबाय, चुलीतनं उठून आलीस काय? केवढी गरम.” तिनं खांदा बदलला, दुसऱ्या बाजूनं मिठी मारली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “ह्या अंगाला गार. त्याच अंगाला कशी गरम?”

तेव्हा मला आमची चूक कळली. पोटली एकच, ऊब एकाच बाजूला. डावीकडं वैशाख आणि उजवीकडं माघ घेऊन माझी बहीण उभी होती. आकार लपवायला आम्ही महिना घातला आणि ऊब लपवायची असते हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

अशा वेळी मी गप्प बसणारी नव्हे. “तिला जरा कणकण आहे सकाळपासून,” मी म्हटलं.

विहिणीनं धाकटीच्या कपाळावर हात ठेवला. “कपाळ बरफ. ही कसली कणकण?”

“तसं नव्हे, पाठीत भरलंय. गरम पाण्याची पिशवी लावलीय.”

“पाठीत भरलंय नि पिशवी पुढं?”

माझ्याकडं अजून तीनचार उत्तरं होती. एकात तर काविळीचा मंत्रही होता. पण धाकटी म्हणाली, “ताई, तू गप बस जरा.” आयुष्यात ती मला असं कधी बोलली नव्हती. तिनं विहिणीचा हात धरला आणि देवळाच्या बाजूच्या पायरीपाशी नेलं. मला कोणी बोलावलं नाही. पण मला कुठं कोण बोलावतं? ताट घेऊन मीही गेले.

“इहीणबाय, आत नाचणी हाय,” धाकटी म्हणाली. “तव्यावर गरम केलेली. डावी बाजू कापलीय माझी. कॅन्सर झाला होता मागल्या साली. आता डॉक्टर बरी म्हणतात, पण दाखवायला जावं लागतं. अक्षता पडायच्या हायत अजून. तुम्हाला काय बोलायचं असेल ते आत्ता बोला.”

मला तिच्या दिरांचा चेहरा आठवला. मांडवात पाट मांडलेले होते, भटजी येऊन बसलेले होते, आत शालूत माझी भाची बसली होती, पाठ उघडी टाकून. सगळं एका बाईच्या तोंडाकडं बघत थांबलंय असं मला वाटलं. बँडवालेही थांबले होते, पण ते चहासाठी.

विहिणीनं पदर सारखा केला. “तुझ्या पोरीला ठाऊक हाय?”

“हाय.”

“माझ्या पोराला?”

“पयल्या भेटीतच सांगितलंय तिनं त्याला.”

“म्हंजे माझ्याच घरात मला ठाऊक नाय.” तिला ते लागलं होतं, हे दिसत होतं. मग ती म्हणाली, “साखरपुड्याला ताट धरून उभी राहिलीस, ती ह्याच्यासाठी?”

“होय.”

“मला वाटलं, तुला मी आवडले नाय. घरी जाऊन ह्यांना म्हटलं पण, इहीण शिकलेल्या बहिणीची हाय, आपल्याला जवळ करायची नाय.”

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑपरेशनला नव्हतं आलं. आम्ही तिच्या एका बाजूची काळजी करत बसलो, आणि त्या ताटापलीकडं एक बाई इतके महिने आपल्यात काय कमी आहे ते शोधत होती, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

“माझ्या सासूला साखर होती,” विहीण एकदम म्हणाली. “मला हाय. पोराला होईल बहुतेक. ते आम्ही कुठं सांगितलं तुम्हाला? लाडू केलेत ना पंगतीला?”

“केलेत.”

“मला दोन वाढा, कोणी बघत नसताना.” तिचे दात वाजत होते. तिनं पुन्हा धाकटीच्या डाव्या अंगाला हात लावला, सरळ, ब्लाउजवरून, जशी बायका तान्ह्याचं अंग बघतात. “ऊब किती येळ टिकते?”

“गळाभेटीपुरती धरली होती. तुम्ही सोडाल अशा हिशोबानं.”

“मग मला पण शिवून दे. आणि बघ हां, तुला एक पुरली. मला दोन लागतील.”

धाकटी हसली. पायरीला टेकून, तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसली. विहीणही हसायला लागली. माझ्या हातातलं ताट इतकं हललं की निरांजन विझलं आणि अपशकुन झाला, पण तो मी कोणाला सांगितला नाही. मग विहिणीनं तिला पुन्हा मिठी मारली, फक्त डाव्या बाजूनं, आणि म्हणाली, “थांब, कान गरम करून घेऊ दे.”

अक्षता पडल्या तेव्हा थोरल्या दिरांनी इतका मोठा श्वास सोडला की मांडवाचं कापड फुगलं. आधीच सगळं बोलून झालंय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. अजूनही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, त्यांच्या धोरणानंच लग्न पार पडलं. वाटू दे.

मी त्या संध्याकाळवर बराच विचार करते. मला झाकायची कला येते. माझं सगळं बोलणंच वरून काठपदराचं असतं. आतलं दिसू नये म्हणून मी दोन बोटं खोल गळा कापते आणि वर मोठी गोष्ट नेसवते. त्या पायरीवर माझी एकही गोष्ट कामाला आली नाही. कामाला आली ती गरम नाचणी, जी आम्ही लपवायला आत घातली होती आणि जिनं सगळं सांगून टाकलं.

भाची पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिच्याबरोबर विहीणही आली, पोटल्या न्यायला. धाकटीनं दोन शिवून ठेवल्या होत्या, चांगल्या मोठ्या. मीही महाडहून गेले होते. जेवण झाल्यावर अंगणात उन्हात बसलो. विहीण म्हणाली, “थंडी हाय तवर सवला जाऊ या काय गो आंघोळीला? तिथं नाचणी नको नि तवा नको. पाणीच गरम.”

महाडजवळच्या सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर मी आणि धाकटी आमच्या लग्नांच्या आधीपासून दर थंडीत जायचो. बायकांच्या बाजूला परकर छातीशी बांधून गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं आणि दुपारपर्यंत उठायचं नाही. मागची थंडी ती आली नव्हती. या थंडीत मी तीनदा विचारलं, तर कधी गुडघा दुखत होता, कधी म्हैस व्यायची होती. त्या म्हशीनं माझ्या हिशोबानं एका वर्षात चार रेडकं दिली.

मी धाकटीकडं बघितलं नाही. पोटलीचा टाका बघत बसले.

“परकर कुठला घेऊ?” धाकटीनं विचारलं. मला नाही, विहिणीला. “जाड की पातळ?”

भिजल्यावर पातळ परकर अंगाला चिकटतो. आम्हां तिघींनाही ते माहीत होतं.

“पातळ घे,” विहीण म्हणाली. “लवकर सुकतो.”

धाकटी उठून आत गेली. तिनं ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ ती परकर शोधत होती.